चर्चचे अनुदान मागताना : पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या ग्रामीण महिला गटांसाठी

चर्चच्या महिला संघटना गरीब ग्रामीण भागातील स्त्रियांच्या उपजीविकेसाठी आणि आरोग्यासाठी अनुदान देतात, हे कानावर आले की नवखा कार्यकर्ता प्रथम अर्जाचा नमुना शोधतो आणि रात्री बसून तो भरू लागतो. अर्जाच्या वाचनाशी बराच काळ संबंध आल्यामुळे मी इतके निश्चित सांगू शकतो की असा रात्रीत भरलेला अर्ज वाचणाऱ्याला दुसऱ्या परिच्छेदात ओळखू येतो. त्यात शब्द भरपूर असतात. मात्र ज्या बाईसाठी पैसा मागितला आहे ती पहाटे कधी उठते, पाणी किती लांबून आणते आणि आजारी पडली तर कोणाला विचारून दवाखान्यात जाते, याचा पत्ता नसतो. म्हणून अर्ज काही आठवडे बाजूला ठेवून पुढील क्रमाने जावे.

पहिली पायरी : हा पैसा कोणाचा आहे, ते समजून घ्या

चर्चच्या अनुदानाची दोन ठळक कुळे आहेत. पहिले कूळ स्त्रियांच्या अर्पणांचे. अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चच्या स्त्रियांनी १८८९ मध्ये आपले पहिले एकत्रित कृतज्ञतार्पण गोळा केले आणि त्यातून अलास्कातील अँव्हिक येथे चर्च बांधण्यास व जपानमध्ये एक मिशनरी स्त्री पाठवण्यास मदत केली. घरातील लहान निळ्या डबीत उपकारस्तुतीची नाणी टाकण्याची त्यांची पद्धत आजही चालू आहे. तेथीलच प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या स्त्रियांनी १९२२ पासून वाढदिवसाचे अर्पण सुरू केले. शांती सॉलोमन या भारतीय ख्रिस्ती स्त्रीला १९५६ मध्ये कोरियाचा व्हिसा नाकारला गेला आणि सोबतच्या स्त्रिया पुढे गेल्यावर तिला फिलिपिन्समध्ये थांबावे लागले. त्या मुक्कामात तिला सुचलेल्या कल्पनेतून, प्रार्थनेच्या वेळी आपल्या देशातील सर्वांत लहान नाणे बाजूला ठेवण्याची चळवळ अनेक देशांत पसरली. सर्वांत लहान नाणे अशासाठी की अत्यंत गरीब बाईलाही ते देता यावे आणि श्रीमंत बाईचे अर्पण तिच्यापेक्षा मोठे ठरू नये. १९६० मध्ये इंग्लंड आणि वेल्समधील कॅथलिक स्त्रियांनी एक दिवस कौटुंबिक उपवास करून वाचलेले पैसे कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिका बेटावरच्या माता-बाल दवाखान्यासाठी दिले, आणि त्यातूनच पुढे कॅफॉड ही संस्था उभी राहिली.

दुसरे कूळ मोठ्या विकाससंस्थांचे. जर्मनीतील कॅथलिक बिशपांनी १९५८ मध्ये स्थापलेली मिझेरिओर किंवा तेथील प्रोटेस्टंट चर्चांनी १९५९ मध्ये सुरू केलेली ‘ब्रोट फ्यूर दी वेल्ट’ यांसारख्या संस्था प्रामुख्याने नोंदणीकृत भागीदार संस्थांबरोबर काही वर्षांच्या मुदतीचे काम करतात. तेथे पूर्ण प्रस्तावाआधी संक्षिप्त रूपरेषा द्यावी लागते आणि हिशेबाची तपासणी कडक असते. नव्या गटाने आरंभ पहिल्या कुळापासून करावा, असे माझे मत आहे.

हा इतिहास शोभेसाठी सांगितलेला नाही. नाण्यानाण्याने जमलेला निधी वाटणाऱ्या समितीत पुष्कळदा स्वयंसेवी स्त्रिया असतात. त्या आपले घरकाम वा नोकरी सांभाळून अर्ज वाचतात आणि आपल्या मंडळीतील, म्हणजे स्थानिक चर्चमधील, अर्पण करणाऱ्या बायकांना पुढे त्याचे उत्तर देतात. विकासक्षेत्रातील जड परिभाषेने त्या प्रभावित होत नाहीत. आपल्या गावातील एका बाईच्या दिवसाचे नेमके वर्णन मात्र त्यांना लगेच कळते, कारण स्वयंपाक, आजारपण आणि उरलेले काम यांचा हिशेब त्यांनाही ठाऊक असतो.

दुसरी पायरी : चोवीस खडे

ही पायरी सर्वांत अधिक वेळ खाते आणि तिला तितका वेळ द्यावा. आठ-दहा स्त्रियांसोबत जमिनीवर बसावे, प्रत्येकीसमोर चोवीस खडे ठेवावेत आणि कालच्या दिवसाचा एकेक तास म्हणून ते पाणी, सरपण, स्वयंपाक, शेती, मजुरी, मुले, जनावरे, झोप अशा ढिगांत वाटायला सांगावे. एकाच वेळी दोन कामे होत असल्यामुळे खडे पुरत नाहीत, आणि तेथूनच खरी चर्चा सुरू होते. हाच खेळ शेतीच्या हंगामात आणि रिकाम्या दिवसांत असा दोनदा खेळावा, कारण दोन्ही वेळचे ढीग फार वेगळे निघतात. नव्याने लग्न होऊन आलेल्या मुली, वयस्क स्त्रिया, विधवा आणि भूमिहीन मजूर स्त्रिया यांचे गट शक्य तितके वेगळे ठेवावेत; सासू शेजारी असताना सून आपल्या झोपेचे खडे खरे मांडत नाही. त्या बैठकीत पाळक (चर्चचे धर्मगुरू) किंवा गावातील प्रतिष्ठित पुरुष नसावेत. त्यांच्याशी बोलणे नंतर होऊ शकते.

दुसऱ्या बैठकीत आजारपणाविषयी विचारावे. मातामृत्यूंच्या अभ्यासातून १९९४ मध्ये मांडला गेलेला तीन विलंबांचा आराखडा येथे फार उपयोगी पडतो. उपचार घ्यायचा हा निर्णय होण्यास झालेला विलंब, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यास झालेला विलंब आणि तेथे पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यास झालेला विलंब, हे ते तीन होत. अलीकडच्या एखाद्या अवघड बाळंतपणाची हकिकत स्त्रियांना सांगू द्यावी आणि ती या तीन टप्प्यांत मांडून पाहावी. पहिला विलंब बहुधा पैशाच्या अभावी आणि घरात बाईच्या मताला किंमत नसल्यामुळे होतो, दुसरा वाहनाच्या अभावी. हे दोन्ही लहान अनुदानाच्या आवाक्यात येऊ शकतात. तिसऱ्यासाठी दवाखान्यात मनुष्यबळ, औषधे आणि रक्त लागते, आणि ते काम गटाने आपल्या अंगावर घेऊ नये. त्यासाठी शासकीय आरोग्ययंत्रणेकडे पाठपुरावा करणेच योग्य.

या दोन बैठकांनंतर एक गोष्ट ध्यानात येते : अर्जात उपजीविका आणि आरोग्य यांचे रकाने वेगळे असले, तरी बाईच्या दिवसात ते वेगळे नसतात. जी योजना तिच्या दिवसात नवे काम घालते आणि जुने एकही काम कमी करत नाही, ती कागदावर उत्पन्न वाढवते आणि प्रत्यक्षात तिची झोप कमी करते.

तिसरी पायरी : एकच काम निवडा, पण ते उलटून पालटून पाहा

सर्वांना सुचणारी कामे आधी तपासावीत. शेळ्या दिल्या तर त्या चारणार कोण? पुष्कळदा त्याचे उत्तर ‘मोठी मुलगी’ असे असते, आणि मग अनुदानाने तिची शाळा सुटते. एकाच गावात बारा शिलाई यंत्रे दिली, तर शिवून घेणारी गिऱ्हाइके तेवढी आहेत का? धान्य दळण्याचे यंत्र बायकांचे कितीतरी तास वाचवते, परंतु इंधन, सुटे भाग आणि ते दुरुस्त करणारा माणूस यांची सोय नसेल तर वर्षभरात ते कोपऱ्यात पडते. धूर कमी करणारी चूल डोळ्यांना आणि फुप्फुसांना खरोखर हितकारक असते, कारण बंद खोलीतील लाकूडफाट्याचा धूर हे स्त्रियांच्या श्वसनविकारांचे मोठे कारण आहे. मात्र रोजचे भांडे त्या चुलीवर नीट बसत नसेल, तर ती चूल पाहुण्यांना दाखवण्यापुरती उरते. वाटपाआधी दोन-तीन घरांत महिनाभर वापरून पाहणे स्वस्त पडते.

घरच्या कोंबड्यांचे उदाहरण थोडे विस्ताराने घेण्यासारखे आहे. मानमोडी (राणीखेत) रोगाची साथ आली की गावातल्या बहुतेक कोंबड्या काही दिवसांत मरतात, म्हणून नुसती पिले वाटणे म्हणजे पुढच्या साथीला खाद्य पुरवणे होय. त्याऐवजी दोन-तीन स्त्रियांना लस टोचण्याचे किंवा डोळ्यात थेंब टाकून लस देण्याचे प्रशिक्षण दिले, लस थंड ठेवण्याची सोय केली आणि दर खेपेला प्रत्येक कोंबडीमागे अल्प शुल्क ठरवले, तर त्या स्त्रियांना उत्पन्न मिळते, इतरांच्या कोंबड्या जगतात आणि अंडी घरातील मुलांच्या व गरोदर स्त्रियांच्या पोटात जाण्याची शक्यता वाढते. शक्यता म्हणतो, कारण अंडी विकायची की खायची हा निर्णय घरात कोण घेते, ते चोवीस खड्यांच्या बैठकीतच विचारलेले असावे.

उपजीविका आणि आरोग्य यांना जोडणारा सर्वांत भक्कम दुवा माझ्या मते बचत गट हा आहे. १९९१ मध्ये नायजर देशात केअर या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने ग्रामीण स्त्रियांसोबत उभी केलेली पद्धत आज अनेक देशांत वापरली जाते. साधारण १५ ते २५ सभासद ठरावीक दिवशी बचत करतात, त्यातूनच आपसांत कर्ज देतात आणि ठरलेल्या मुदतीच्या, बहुधा वर्षाच्या, शेवटी सर्व रक्कम वाटून घेतात. पेटीला तीन कुलुपे असतात आणि किल्ल्या तीन वेगवेगळ्या स्त्रियांकडे असतात, त्यामुळे पूर्ण बैठकीखेरीज पेटी उघडत नाही. बचतीखेरीज एक लहान आपत्कालीन निधी वेगळ्या पिशवीत ठेवला जातो. बाळंतपणाच्या रात्री वाहन ठरवण्यासाठी घरातील पुरुषाच्या खिशाची वाट न पाहता या पिशवीतून पैसे निघाले, म्हणजे वर सांगितलेले पहिले दोन विलंब बऱ्याच अंशी कमी होतात.

येथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. अनुदानाची रक्कम कर्जाऊ भांडवल म्हणून या पेटीत टाकू नये. स्वतःच्या घामाच्या बचतीतून घेतलेले कर्ज फेडताना जी शिस्त असते ती बाहेरून आलेल्या फुकट पैशाला राहत नाही, आणि चांगला चाललेला गट अशा पैशाने मोडतो. अनुदानातून पेटी, वह्या, प्रशिक्षण आणि वर्षभर भेटी देणाऱ्या कार्यकर्तीचा प्रवास एवढेच मागावे.

चौथी पायरी : कागदपत्रे

हा भाग कंटाळवाणा आहे, परंतु अनेक अर्ज केवळ येथेच बाद होतात. अनुदान व्यक्तीला मिळते की संस्थेला, संस्था नोंदणीकृत हवी का, अर्जासोबत स्थानिक मंडळीचे, धर्मप्रांताचे किंवा बिशपांचे शिफारसपत्र हवे का, आणि मागच्या वर्षांचे लेखापरीक्षण लागते का, हे नियमावलीत पाहावे. गटाची स्वतःची नोंदणी नसेल तर एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत अर्ज करता येतो का ते विचारावे. मात्र तशा वेळी पैसा कोणत्या खात्यात येईल, किती दिवसांत गटाला मिळेल आणि मधल्या संस्थेचा खर्च किती, हे लेखी ठरवून घ्यावे. परदेशातून येणाऱ्या देणगीसाठी अनेक देशांत वेगळी परवानगी लागते आणि तिला महिने लागू शकतात. ही परवानगी अनुदान मंजूर झाल्यावर नव्हे, तर अर्ज करण्याआधी तपासायची असते. बँक खाते किमान दोघांच्या सह्यांचे असावे आणि त्यांतील एक तरी सही गटातील स्त्रीची असावी. पाळकांच्या वैयक्तिक खात्यावर पैसे मागवणे हे हेतू कितीही शुद्ध असला तरी सर्वांनाच अडचणीत आणते.

शिफारसपत्र मागायला जाताना अर्जाचा मसुदा सोबत न्यावा आणि मुदतीच्या महिनाभर आधी जावे.

पाचवी पायरी : आता अर्ज लिहा

अडचण एका वाक्यात मांडावी आणि त्यात आकडा असावा. ‘स्त्रियांचे सर्वांगीण सक्षमीकरण करणे’ हे वाक्य कोणत्याही गावाला लागू पडते, म्हणून ते कोणत्याच गावाचे नसते. ‘आमच्या वस्तीतील ६२ घरांपैकी ४८ घरांतील स्त्रिया पाण्यासाठी रोज तीन तास चालतात आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यातही ते काम थांबत नाही’ अशा धाटणीचे वाक्य, अर्थात आपल्या स्वतःच्या मोजणीवर आधारलेले, अर्जाला पाय देते. आकडा घरोघर जाऊन मोजलेला असावा, आणि तो कसा मोजला हेही एका ओळीत सांगावे.

लाभार्थींची संख्या फुगवू नये. एकच बाई प्रशिक्षणात, बचत गटात आणि आरोग्य तपासणीत अशी तिन्ही ठिकाणी असेल, तर ती तीन बायका होत नाही. तसेच आपण काय करणार आणि त्यामुळे काय बदलणार यांत गल्लत करू नये. सहा शिबिरे घेणे ही आपली कृती झाली. गटातील किती गरोदर स्त्रियांची तपासणी झाली, हा बदल झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून गरोदरपणात किमान आठ वेळा आरोग्यसेवकांशी संपर्क व्हावा अशी शिफारस केली आहे. आपल्या वस्तीत सध्या सरासरी किती वेळा होतो ते आधी नोंदवले, तरच वर्षअखेर तुलना करता येईल. रक्तक्षयावर काम करायचे असेल तर गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी हिमोग्लोबिन १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आणि गरोदर स्त्रियांसाठी साधारणपणे ११ पेक्षा कमी ही प्रचलित मर्यादा धरतात. अशी तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकेकडूनच करून घ्यावी, आणि जिचा आकडा कमी येईल तिला उपचार कोठे मिळतील हे ठरल्याशिवाय तपासणी करूच नये. नुसता आकडा सांगून बाईला घरी पाठवणे हा तिच्यावर अन्याय आहे.

अंदाजपत्रकात प्रत्येक बाबीसमोर नग, संख्या, दर आणि एकूण रक्कम असावी. ‘इतर खर्च’ या बाबीखाली मोठी रक्कम दिसली की वाचणारा थबकतो. नवखे लोक नेमाने विसरतात अशा गोष्टी म्हणजे वाहतूक, दुरुस्ती, बँकेचे शुल्क, चलनाच्या दरातील चढउतार आणि प्रशिक्षणाला आलेल्या मजूर स्त्रीची बुडालेली मजुरी. गटाचा वाटा दाखवताना श्रमदान, जागा आणि साहित्य यांची रास्त किंमत धरावी. जुनी कर्जे, आधीच झालेला खर्च आणि कायमस्वरूपी पगार यांसाठी लहान अनुदाने सहसा मिळत नाहीत. बांधकाम मागायचे असेल तर जागा कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न येणारच; जागा एखाद्या कुटुंबाची असेल, तर उद्या इमारतही त्या कुटुंबाचीच होते.

अनुदान संपल्यानंतर काय, या प्रश्नाचे उत्तर आशावादाने न देता बेरीज-वजाबाकीने द्यावे. दरमहा अपेक्षित उत्पन्न, त्यातून जाणारा खर्च, दुरुस्तीसाठी राखून ठेवलेली रक्कम आणि उरलेली मिळकत असा चार ओळींचा तक्ता पुरेसा होतो. ही वजाबाकी ऋण येत असेल, तर काम बदलावे. आकडे बदलू नयेत.

सहावी पायरी : धर्म, लाज आणि धोका

पैसा चर्चचा असला म्हणून मदत फक्त मंडळीच्या सभासदांना द्यायची, असा समज गावात हमखास पसरतो. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंट चळवळीने व स्वयंसेवी संस्थांनी आपत्तीनिवारणासाठी १९९४ मध्ये मान्य केलेल्या आचारसंहितेत मदत केवळ गरजेच्या आधारे द्यावी आणि धार्मिक वा राजकीय भूमिका पुढे नेण्यासाठी वापरू नये, असे म्हटले आहे. विकासाच्या कामातही हाच दंडक धरणे शहाणपणाचे. निवडीचे निकष गावाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावेत आणि निवडलेल्यांची यादी सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी.

बाईच्या हाती पैसा येऊ लागला की काही घरांत तणाव वाढतो, क्वचित मारहाणही होते. हे आधीच गृहीत धरून पुरुषांशी स्वतंत्र बैठका ठेवाव्यात आणि एखादीने तक्रार केली तर ती ऐकून कोण घेईल, ते नाव ठरवावे. ती व्यक्ती पैसे वाटणारी नसावी. आरोग्याच्या नोंदवह्या कुलुपात राहाव्यात. छायाचित्र घेताना ते कोठे वापरले जाईल हे सांगून संमती घ्यावी, आणि नकार देणाऱ्या स्त्रीची मदत त्यामुळे थांबू नये.

सातवी पायरी : पैसा आल्यावर आणि न आल्यावर

रक्कम जमा झाली की पावती लगेच पाठवावी. रोजकीर्द वेगळी ठेवावी, प्रत्येक खर्चाची पावती त्या दिवशीच चिकटवावी आणि मोठी खरेदी करताना तीन दुकानांचे लेखी दर घ्यावेत. ज्या स्त्रिया वाचू शकत नाहीत त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा हिशेब मोठ्याने वाचावा. या वाचनात निघालेल्या चुका नंतरच्या लेखापरीक्षणात निघालेल्या चुकांपेक्षा फार स्वस्त पडतात.

ठरलेले काम जमेनासे झाले, तर खर्च करण्याआधी देणाऱ्यांना पत्र लिहावे. बदलाला परवानगी सहसा मिळते. न विचारता केलेल्या बदलाला क्षमा क्वचित मिळते. अहवालात फसलेली गोष्टही लिहावी. वीस पिलांपैकी अकरा मेली आणि त्यानंतर लसीचे वेळापत्रक बदलले, असे सांगणारा अहवाल सर्व काही उत्तम झाल्याचे सांगणाऱ्या अहवालापेक्षा अधिक विश्वासाने वाचला जातो.

अर्ज नामंजूर झाला, तर आभार मानून कारण विचारावे. पुष्कळदा कारण निधीची कमतरता किंवा सुटलेले एखादे कागदपत्र एवढेच असते, आणि तोच अर्ज दुरुस्त करून पुढच्या फेरीत देता येतो. चोवीस खड्यांची नोंद मात्र जपून ठेवावी, कारण दुसऱ्या कोणत्याही देणाऱ्याकडे गेले तरी तीच कामाला येते.

मुदत संपल्यावर काही रक्कम शिल्लक राहिली, तर ती किती आहे, का उरली आणि ती कशासाठी वापरू इच्छितो हे पत्राने कळवावे, आणि लेखी उत्तर येईपर्यंत ती खात्यातच ठेवावी.